धड्याची देखभाल

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी सुरू झाली. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नवे पैसे झाले. बाजारात लोकांनी कसेबसे निभावून नेले. पण गणित शिकवणाऱ्या मास्तरांची पंचाईत निराळीच होती. नाण्यांचा धडा बदलणे सोपे. परंतु आणे-पै त्या एकाच धड्यात थोडेच होते! ते नफातोट्यात होते, सरळव्याजात होते, किराणा दुकानाच्या उदाहरणांत होते, पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरांत होते आणि जुन्या प्रश्नपत्रिकांतही होते. एक गोष्ट बदलली, की ती आणखी कुठे कुठे शिरून बसली आहे हे हुडकून काढावे लागते, आणि खरा घाम तेथेच गळतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आज ज्या विषयाची ओळख करून द्यावयाची आहे, त्याच्या मुळाशी हीच पंचाईत आहे. लष्करी शिक्षणाचे अभ्यासक्रम तयार करण्यासाठी आणि ते वेळोवेळी दुरुस्त करीत राहण्यासाठी संगणकाची खास आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, वापरतात. नाव ऐकून दचकू नका. पाठाचे टाचण ज्याने काढले आहे, त्याला यातले बहुतेक सारे ओळखीचे वाटेल.

सैन्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कवायतीचे मैदान येते. पण आजच्या सैन्याचा फार मोठा वेळ वर्गात जातो. आपल्या लोणावळ्यालाच पाहा ना. तेथे १९४५ पासून नौदलाची 'शिवाजी' ही संस्था आहे. जहाजाची यंत्रे कशी चालवावी आणि कशी दुरुस्त करावी, याचे शिक्षण तेथे देतात. अशा शाळेत आणि आपल्या शाळेत एक मोठा फरक आहे. आपला विद्यार्थी धडा शिकून परीक्षेला बसतो. तिथला विद्यार्थी धडा शिकून थेट यंत्रापुढे उभा राहतो. धड्यात झडप डावीकडे आणि यंत्रावर ती उजवीकडे असेल, तर चूक गुणपत्रिकेवर उमटत नाही. ती इंजिनघरात उमटते.

याचे एक उदाहरण अमेरिकी नौदलातले आहे. तेथील अपघातांचे चौकशी-अहवाल छापून प्रसिद्ध होतात, म्हणून तपशील कळतो. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे 'जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका सिंगापूरकडे चालली होती. सुकाणू आणि वेग ही दोन्ही कामे एकच खलाशी पाहत होता. त्याची ओढाताण होते आहे असे पाहून कप्तानाने वेगाचे काम शेजारच्या दुसऱ्या खलाश्याकडे देण्यास सांगितले. हुकूम अगदी साधा. पण त्या जहाजावर ही अदलाबदल पडद्याला बोट लावून करावयाची होती. ती करताना वेगाबरोबर सुकाणूचा ताबाही शेजारच्या पडद्यावर गेला, आणि हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. पहिल्या खलाश्याला वाटले, सुकाणूच निकामी झाले! त्या गडबडीत दोन्ही बाजूंच्या यंत्रांचा वेग सारखा कमी झाला नाही, एकाच बाजूचा झाला. जहाज डावीकडे वळले आणि 'आल्निक एमसी' या तेलवाहू जहाजाच्या वाटेत शिरले. हुकूम सुटल्यापासून टक्कर होईपर्यंत जेमतेम पाच मिनिटे गेली. दहा खलाशी दगावले.

नौदलाने त्याच वर्षी स्वतःचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात एक गोष्ट आहे, ती शिक्षकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. त्या पहाटे कामावर असलेल्यांपैकी काही जण 'अँटीटम' नावाच्या दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आलेले होते. त्या जहाजावरची सुकाणूची व्यवस्था बरीच वेगळी होती, आणि हा फरक त्यांना नीट शिकवलेला नव्हता. इतकेच नव्हे, तर या शिक्षणाची जबाबदारी ज्या वरिष्ठावर होती, त्यालाही एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर ताबा कसा जातो याची पुरती कल्पना नव्हती. अपघाताला कारणे अनेक होती. माणसे थकलेली होती, आणि पडद्याच्या रचनेतही दोष होते, असे तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये सांगितले. पण यंत्र एक आणि शिकवण दुसऱ्याच यंत्राची, ही गोष्ट त्या कारणांत होती, हे विसरून चालणार नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. धडा आणि यंत्र यांची सांगड घालावयाची कशी?

पूर्वी हे काम जुन्या अनुभवी हवालदाराच्या स्मरणशक्तीवर चाले. तो जे सांगेल तो अभ्यासक्रम. तो निवृत्त झाला की अभ्यासक्रमही त्याच्याबरोबर गावी जाई! पुढे अमेरिकेत या कामाला शास्त्राचे रूप आले. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली एक छोटेखानी पुस्तक लिहून पाठाचा उद्देश कसा मांडावा ते सांगितले. विद्यार्थी काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत करील आणि किती बिनचूक करील, या तीन गोष्टी उद्देशात आल्या पाहिजेत. 'विद्यार्थ्याला पंपाची माहिती होईल' हा काही उद्देश नव्हे. 'पुस्तिका हाती असता विद्यार्थी अमुक मिनिटांत पंप सुरू करील आणि क्रमात एकही चूक करणार नाही', हा उद्देश. १९७५ मध्ये फ्लोरिडा राज्य विद्यापीठाच्या मदतीने तिन्ही दलांसाठी एक कार्यपद्धती तयार झाली. तिच्यात पाच टप्पे आणि एकोणीस पायऱ्या होत्या. आधी कामाची छाननी करा, मग आखणी, मग लेखन, मग प्रत्यक्ष शिकवणे, आणि शेवटी नियंत्रण, म्हणजे शिकवलेले उपयोगी पडते की नाही यावर डोळा ठेवणे.

पद्धत उत्तम होती, यात शंका नाही. पण तिच्यातून कागद किती निघाला! कामांची यादी वेगळी, उद्देशांची वेगळी, टाचणे वेगळी, विद्यार्थ्यांची पुस्तिका वेगळी, प्रश्नसंग्रह वेगळा. पहिल्या वर्षी सारे जुळलेले असे. पुढे यंत्रात बदल होत, कुणी टाचणात दुरुस्ती करी, पुस्तिकेत ती राहून जाई, आणि परीक्षेत जुनेच उत्तर बरोबर धरले जाई. आपल्या आणे-पैंची कथा तेथे इंग्रजीत सुरू झाली म्हणा ना.

यावर तोडगा म्हणून अमेरिकी नौदलाच्या सॅन दिएगो येथील संशोधन केंद्रात एक आज्ञावली आकारास आली. तिचे नाव 'ऑथरिंग इन्स्ट्रक्शनल मटेरियल्स', म्हणजे शिक्षणसाहित्याचे लेखन. या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडली की इंग्रजीत 'नेम' या अर्थाचा शब्द होतो. म्हणून तिला थोडक्यात 'एम' म्हणत. तिचे दोन प्रकार झाले. एकात सुरुवात यंत्रापासून होते: हे यंत्र हाताळणाऱ्याला कोणते ज्ञान आणि कोणते कौशल्य हवे, याचे तक्ते आधी करावयाचे. दुसऱ्यात सुरुवात कामापासून होते: या हुद्द्याच्या माणसाला कोणकोणती कामे करावी लागतात, ती आधी लिहून काढावयाची.

पुढची रीत दोन्हींत जवळजवळ सारखीच. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक मिळतो. त्या ओळीवरून उद्देश लिहितात आणि उद्देश त्या ओळीला बांधतात. उद्देशाला पाठ बांधतात. पाठाला ज्या तांत्रिक पुस्तकातून मजकूर घेतला ते पुस्तक बांधतात, आणि कसोटीचे प्रश्नही बांधतात. 'बांधतात' म्हणजे काय, तर संगणकाच्या खतावणीत या नोंदीपुढे त्या नोंदीचा क्रमांक पक्का करून ठेवतात. आपला तलाठी सात-बाराच्या उताऱ्यावर फेरफाराचा क्रमांक घालतो ना, तसेच. उताऱ्यावरून फेरफार सापडतो आणि फेरफारावरून उतारा.

समजा, आग विझवण्याच्या पंपाची एक झडप कारखान्याने बदलली आणि पंप सुरू करण्याचा क्रम आता निराळा झाला. तांत्रिक पुस्तकाची नवी आवृत्ती आली. अभ्यासक्रम सांभाळणारा मनुष्य संगणकाला विचारतो, या पुस्तकावर आमचे काय काय अवलंबून आहे? संगणक यादी पुढे ठेवतो: इतके उद्देश, अमक्या पाठाचा अमका मुद्दा, विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेतली ही आकृती, हे प्रात्यक्षिक आणि प्रश्नसंग्रहातले हे प्रश्न. सारी पाने चाळत बसावे लागत नाही. तोच पंप चार वेगळ्या अभ्यासक्रमांत शिकवला जात असेल, तर तेही दिसू शकते.

तिथल्या टाचणाची घडण पाहण्यासारखी आहे. पानाचे दोन उभे भाग असतात. एका बाजूला शिकवण्याचे मुद्दे, आणि त्यासमोर दुसऱ्या बाजूला शिक्षकाने त्या वेळी काय करावयाचे ते: आकृती दाखवा, प्रश्न विचारा, पुस्तिकेचे अमुक पान उघडण्यास सांगा. मूळ मुद्द्यांना हात लावण्याची मुभा शिक्षकाला नाही. पण स्वतःचे दाखले, जहाजावरचे अनुभव, समजावून सांगण्याची हातोटी, हे त्याने आपल्या प्रतीत जोडावयाचे असते. नुसती मुभा नव्हे, तसे त्याच्याकडून अपेक्षितच असते. मला स्वतःला या साऱ्या व्यवस्थेत ही गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. मुद्दे सर्वांचे सारखे, वाणी ज्याची त्याची.

एकच अभ्यासक्रम अनेक शाळांत चालत असेल, तर त्यांपैकी एका शाळेकडे त्याचे पालकत्व देतात. बाकीच्यांनी परस्पर दुरुस्ती करावयाची नाही, सूचना पालकशाळेकडे पाठवावयाची. यात वेळ जातो, आणि हुशार शिक्षकाचा जीव कासावीस होतो, हेही खरे. पण पाच शाळांत पाच प्रकारचे पंप शिकवले जाण्यापेक्षा ते बरे.

पुढे इतर वाटांनीही हे काम वाढले. युरोपातल्या विमान-उद्योगाने १९८० नंतरच्या दशकात तांत्रिक पुस्तकांसाठी 'एस १०००डी' ही पद्धत बसवली. तिच्यात अख्खे पुस्तक न लिहिता लहान लहान सुटे मजकूर लिहितात, प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक देतात आणि हवे तसे जुळवतात. अमेरिकेत १९९७ नंतर, एका संगणकावर केलेला पाठ दुसऱ्या प्रकारच्या संगणकावरही चालावा म्हणून 'स्कॉर्म' नावाचे नियम झाले. त्यांची पहिली आवृत्ती २००० सालची. शाळा-कॉलेजांतून संगणकावर जे पाठ चालतात, त्यांतल्या कित्येकांच्या मागे हेच नियम असतात.

आता थोडे उलट बाजूचेही बोलले पाहिजे. ही आज्ञावली सर्वज्ञ आहे असा समज कोणी करून घेऊ नये. झडप बदलली हे तिला आपोआप कळत नाही. कोणीतरी कळवावे लागते. बांधणी करणाऱ्याने आळस केला आणि प्रश्न भलत्याच उद्देशाला बांधला, तर यादी सुबक छापून येते आणि चुकीची असते. सुबक छापलेल्या चुकीवर माणूस अधिक विश्वास ठेवतो, हा आणखी एक धोका. शिवाय तक्ते भरण्याचा नाद लागला की जहाजावर जाऊन खलाश्याचे काम डोळ्यांनी पाहण्याचा कंटाळा येऊ लागतो. कामाची छाननी ही पहिली पायरी खुर्चीत बसून होत नाही. ज्याने पहाटेच्या अंधारात सुकाणूपुढे उभा असलेला पोरगा पाहिला नाही, त्याने त्या पडद्यावरचा पाठ लिहू नये, असे मला वाटते. यावर कोणी म्हणेल, मग संगणक कशाला हवा? तो हवा, कारण हजारो पानांतून एक झडप हुडकणे माणसाच्या आवाक्यातले नाही. आणि पोरगा पाहणे संगणकाच्या आवाक्यातले नाही.

'मॅकेन'च्या अपघातानंतर २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने जाहीर केले, की या जातीच्या विनाशिकांवरचे वेगाचे पडदे काढून त्या जागी पुन्हा हाताने ढकलण्याचे दांडे बसवावयाचे. खलाश्यांनाही तेच हवे होते. पण साऱ्या जहाजांवर हा बदल एका दिवसात कसा होणार? जहाज गोदीत येईल तसतसा तो होत जाणार. तोवर काही जहाजांवर दांडा आणि काहींवर पडदा, आणि वर्गात शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाची नेमणूक या जहाजावर, तर दुसऱ्याची त्या. अशा वेळी एकाच पाठाची दोन रूपे एकदम जिवंत ठेवावी लागतात. प्रत्येक रूपावर ते कोणत्या जहाजांसाठी आहे हे लिहावे लागते, आणि एखादे जहाज गोदीतून बाहेर पडले की त्याचे नाव एका यादीतून काढून दुसरीत घालावे लागते. विद्यार्थ्याने बोट बंदरात पोहोचण्याच्या आधी.