किचन येतंय खोक्यातून!

लंच ब्रेकमध्ये मोबाइलवर किचन पसंत करायचं, ईएमआयवर टिक करायचं आणि रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचं. आयडिया भन्नाट आहे ना? सपाट खोक्यातून फर्निचर विकायला स्वीडनच्या आयकियाने १९५६ मध्ये सुरुवात केली. मुंबईकरांना आयकियाची ऑनलाइन खरेदी मिळाली २०१९ मध्ये, आणि डिसेंबर २०२० मध्ये तुर्भ्याचं स्टोअर उघडलं. पेपरफ्राय तर २०१२ पासून मैदानात आहे. म्हणजे डोलवीच्या स्टील प्लांटमध्ये नोकरी आणि वडखळ किंवा पेणला फ्लॅट असणाऱ्यांनाही आता सुताराच्या तारखांची वाट बघायला नको.

पण एक मिनिट! धरमतरची हवा कॅटलॉगमध्ये नसते. शेजारी खाडी, खारा दमट वारा आणि वर चार महिन्यांचा पाऊस. वडखळच्या माझ्या मैत्रिणीकडे सिंकखालचं कपाट दुसऱ्याच पावसाळ्यात फुगलं. दार लागेना, बिजागरीचे स्क्रू हातात आले. विकणाऱ्यांचं उत्तर काय, तर पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. आता किचनमध्ये पाणी नसणार तर कुठे असणार?

गंमत अशी की आपण भाळतो शटरच्या रंगावर, आणि किचन टिकतं आतल्या बोर्डावर. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे गोंद घालून दाबलेले. उघड्या कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो, आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही. बेडरूमच्या वॉर्डरोबला तो मस्त चालतो. सिंकखाली मात्र बीडब्ल्यूपी प्लायच हवा. त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघा. याचं चिकटकाम ७२ तास पाण्यात उकळून तपासतात!

ऑर्डर देण्याआधी एवढं कराच:

* बिल्डरने दिलेला ग्रॅनाइटचा ओटा आणि खालच्या कडप्प्याच्या फळ्या यांच्यामधली जागा तीन ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी आलेलं माप खरं धरा.
* गॅस सिलिंडर, त्याची नळी आणि हवा खेळायला जागा सोडा. परदेशी डिझाइनमध्ये सिलिंडरचा विचार असेलच असं नाही.
* कपाटाला पाय हवेत. लादी पुसताना पाणी बोर्डाला लागता कामा नये.
* चारही कडांना पट्टी आहे का, ते विचारा. पाइपसाठी भोक पाडलंत तर त्याची कड सिलिकॉनने बंद करा.
* भाड्याचं घर असेल तर लक्षात ठेवा, पार्टिकल बोर्ड खोलून-जोडून त्यातली स्क्रूची भोकं सैल होतात.

बजेट टाइट आहे? मग सिंकखालचा भाग पेणच्या सुतारकाकांकडून प्लायमध्ये करून घ्या आणि वरची कोरडी कपाटं बिनधास्त ऑनलाइन मागवा. रंग नंतरही बदलता येतो, फुगलेला बोर्ड नाही. तेव्हा कार्टमध्ये टाकण्याआधी फोटोच्या खाली स्क्रोल करा आणि ‘मटेरियल’ ही ओळ नीट वाचा!