प्राध्यापक का सोडून जातात?

कॉलेज सुरू झाले की मुलगी घरी येऊन सांगते, 'गेल्या वर्षीचे सर गेले, आता नवीन मॅडम आल्यात.' दिवाळीनंतर कळते, मॅडमही गेल्या. अर्धवट राहिलेला प्रकल्प मग तिसऱ्याच माणसाच्या गळ्यात पडतो. आपण फीची पावती जपून ठेवतो. पण शिकवणारा वर्षभर तरी तिथे राहणार का, हे विचारत नाही.

महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. पुढे इतर अभ्यासक्रम आले, खासगी विद्यापीठेही आली. या संस्थांना सरकारकडून पगारासाठी अनुदान नसते. फीमधूनच सारे भागवायचे. साहजिकच जागा रिकाम्या राहिल्या किंवा शिष्यवृत्तीची सरकारी रक्कम लांबली, की पहिली कात्री शिक्षकाच्या पगाराला लागते.

सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. पुष्कळ खासगी संस्थांत मात्र 'एकत्रित वेतन' म्हणून त्याहून कमी रक्कम ठरते. कुठे नेमणूक अकराच महिन्यांची, कुठे पगार दोन-तीन महिने थकलेला. घराचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो.

पण केवळ पैशासाठी माणूस जातो, असे समजू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास अध्यापन सांगितले आहे. बाकी वेळ तयारी आणि संशोधनासाठी असावा, ही त्यामागची अपेक्षा. प्रत्यक्षात तो जातो 'नॅक'च्या फायली भरण्यात, आणि प्रवेशाच्या दिवसांत गावोगाव फिरून विद्यार्थी गोळा करण्यात. शिकवण्यासाठी आलेल्या माणसाला हे जिव्हारी लागते. नेट-सेट किंवा पीएच.डी. हाती आली, की त्याचे डोळे अनुदानित जागेच्या जाहिरातीकडे लागतात.

यावर काही संस्थांचा उपाय म्हणजे शिक्षकाची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे. त्याने माणूस अडकतो, टिकत नाही. आणि अडकलेला माणूस मनापासून शिकवत नाही.

खरे उपाय साधे आहेत. पगार थोडा कमी असला तरी ठरल्या तारखेला द्यावा. परिविक्षेचा काळ संपला की कायम नेमणुकीचे पत्र आणि दरवर्षीची वेतनवाढ द्यावी. प्रवेशाच्या कामासाठी वेगळी माणसे नेमावीत. पीएच.डी. करणाऱ्याचे तास कमी करावेत. 'पैसा कुठून आणायचा?' असे संस्थाचालक विचारतात. पण एक शिक्षक गेला की नवी जाहिरात, नव्या मुलाखती, आणि नवा माणूस रुळेपर्यंत विद्यार्थ्यांचे नुकसान. हा खर्च कोणत्या वहीत मांडतात?

यात पालकांचाही वाटा आहे. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी ठरवताना शिक्षकांच्या पगाराचा खर्च धरला जातो. तेव्हा तो पगार त्यांना मिळतो का, हे विचारणे गैर नव्हे. प्रवेश घेताना आपण इमारत पाहतो, वसतिगृह पाहतो. यंदा आणखी एक प्रश्न विचारा : 'या विभागात पाच वर्षांहून अधिक काळ असलेले शिक्षक किती?' उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर काय ते समजून घ्यावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)