‘हे कोणी तपासलं?’

२०२० च्या टाळेबंदीत वेगवेगळ्या शाळांतले आम्ही सहा शिक्षक मिळून सातवीच्या सराव प्रश्नपत्रिका तयार करत होतो. सगळे काम व्हॉट्सॲप ग्रुपवर. एका रात्री गणिताच्या पत्रिकेत मला चूक दिसली. मी ग्रुपवर लिहिले, ‘हे कोणी तपासलं?’ दुरुस्ती कुणाकडे पाठवायची, एवढेच मला विचारायचे होते. सकाळी पाहिले तर ती पत्रिका तपासणाऱ्या आपा ग्रुपमधून बाहेर पडल्या होत्या.

हेच वाक्य मी स्टाफरूममध्ये बोललो असतो, तर चेहऱ्यावरून माझा हेतू त्यांना कळला असता. पडद्यावर फक्त अक्षरे पोहोचतात. त्यांना स्वर देतो तो वाचणारा, आणि तोही आपल्या त्या वेळच्या मनःस्थितीतून.

जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेत यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपले वाक्य गंभीर आहे की उपरोधिक, हे समोरचा शंभरात ७८ वेळा ओळखेल, असे ईमेल पाठवणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात ते ५६ वेळाच ओळखले गेले. म्हणजे छापा-काट्यापेक्षा थोडेसेच बरे!

मी आपांना फोन केला. त्यांच्या अम्मी आजारी होत्या. दिवसभर त्यांची शुश्रूषा करून, रात्री दीडपर्यंत जागून त्यांनी ती पत्रिका तपासली होती. “चूक दाखवलीत त्याचं काही नाही, सर. पण सगळ्यांसमोर?” एवढेच त्या म्हणाल्या. प्रश्न ग्रुपवर विचारला होता, म्हणून माफीही मी ग्रुपवरच मागितली. संध्याकाळी आपा परतल्या.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. घरून काम करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनाही त्या उपयोगी पडतील.

चूक एकट्याला सांगायची, शाबासकी सगळ्यांसमोर द्यायची. राग आला तर उत्तर लिहावे, पण लगेच पाठवू नये. सकाळी वाचून मग ठरवावे. मनाला लागले असेल तर अबोला न धरता ‘मला याचं वाईट वाटलं’ असे सरळ सांगावे. दोन निरोपांत गैरसमज मिटला नाही, तर तिसरा न लिहिता फोन लावावा. आणि काम वेळेत होणार नसेल, तर मुदत संपण्याआधी कळवावे. न भेटलेल्या माणसावरचा विश्वास अशाच लहान लहान गोष्टींतून जमतो.

आपा आजही पत्रिका तपासतात. चूक सापडली की मी एवढेच लिहितो, ‘आपा, सवड आहे का? फोन करू?’