वाटी भरलेली, पाखरू उपाशी!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. पिंजऱ्यात दाण्याची वाटी काठोकाठ भरलेली आहे. पाणी आहे. मांजराची भीती नाही. तरीही आतलं पाखरू दोन दिवसांत भुकेनं मरू शकतं. कसं बरं?

सोप्पं आहे! वाटीत दाणे नाहीतच. आहेत ती नुसती टरफलं.

हे पाखरू म्हणजे फिंच. पांढरट-करडं, लाल चोचीचं, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असलेलं झेब्रा फिंच तुम्ही नक्की पाहिलं असेल. ते मूळचं ऑस्ट्रेलियातल्या गवताळ माळांवरचं. दुसरं आहे बेंगाली फिंच. नावात बंगाल असला तरी ते रानात कुठेच सापडत नाही. पांढऱ्या कमरेच्या मुनियेपासून माणसानं पाळून पाळून ते तयार केलं. दोन्ही मुनियांच्याच कुळातली. दोघांचं मुख्य खाणं एकच, गवताचं बी.

फिंच दाणा गिळत नाही. चोचीत फिरवून तो सोलतं, गर खातं आणि टरफल तिथल्या तिथे टाकतं. म्हणून वाटी कधी रिकामी दिसतच नाही! आपण लांबून बघतो आणि म्हणतो, ‘भरपूर आहे की अजून!’ तेव्हा रोज सकाळी वाटी अंगणात किंवा गॅलरीत न्या आणि हलकीशी फुंकर मारा. टरफलं उडून जातील, उरतील ते खरे दाणे. आजी सुपात धान्य पाखडते ना, अगदी तसंच.

एवढीशी जीव, केवढी भूक!

झेब्रा फिंचचं वजन असतं साधारण १२ ते १५ ग्रॅम. रोज ते छोटा चमचाभर तरी दाणे खातं, म्हणजे वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतकं. तुमचं वजन ३० किलो असेल, तर तुम्हांला रोज ६ किलो जेवावं लागेल! लहान शरीराची ऊब भराभर निघून जाते, ती टिकवायला सारखं खावं लागतं. म्हणूनच ‘गावाला जाताना दुप्पट दाणे टाकले, झालं!’ असं फिंचच्या बाबतीत चालत नाही. शेजारच्या काकूंना रोज बघायला सांगूनच जा.

नुसता राळा म्हणजे नुसता भात

दुकानदार बहुतेक वेळा एकच धान्य देतो : राळा, म्हणजेच कांग. धान्य चांगलंच आहे. पण तुम्हांला वर्षभर नुसता भात वाढला तर? पोट भरेल, अंग धरणार नाही. सुक्या दाण्यांत ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी असतं.

म्हणून आधी दाण्यांचं मिश्रण करा. राळा जास्त, सोबत बारीक बाजरी, नाचणी, वरी आणि मिळालं तर कॅनरी सीड. मात्र वरी टरफलासकट हवी. उपवासाची भगर सडलेली असते, ती लवकर खराब होते. कारळे आणि तीळ तेलकट, म्हणून अगदी चिमूटभर. पिंजऱ्यात बसून तेलकट खाल्लं की पाखरं लठ्ठ होतात, बरं का!

रानातला पावसाळा, घरातली वाटी

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात पाऊस पडला की गवत उगवतं, त्याला कोवळं दुधाळ बी धरतं, आणि तेव्हाच झेब्रा फिंच घरटी करतात. पिल्लांना हेच कोवळं बी भरवतात. आपण घरी तसलं बी कुठून आणायचं? त्याला युक्ती आहे : मोड आणायचे! दोन चमचे राळा रात्री भिजत घाला. सकाळी दोन-तीनदा धुऊन गाळणीत निथळत ठेवा, वर ओलं फडकं घाला. दुसऱ्या दिवशी पांढरं टोक दिसलं की द्या. आंबूस वास आला किंवा बुळबुळीत लागलं, तर सरळ फेकून द्या.

हिरव्या पाल्यात मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा कोवळा पाला उत्तम. पालक रोज नको, कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अंगी लागू देत नाही. गाजर किसून द्या. भाजीवर औषध फवारलेलं असतं, म्हणून आधी खळखळून धुवा.

आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा चुरा द्या, जोडीला अर्धा छोटा चमचा पुरे. दोन तासांनी उरलेला काढून टाका. पिल्लं असतील तेव्हा मात्र रोज.

समुद्रफेस हवाच

कोकणातल्या मुलांनो, किनाऱ्यावर पांढरा, हलका, होडीसारखा समुद्रफेस सापडतो ना? ते माकुळासारख्या एका सागरी प्राण्याचं अंगातलं कवच. त्यात भरपूर कॅल्शियम असतं. गोड्या पाण्यात काही दिवस भिजवून, पाणी बदलत खारटपणा घालवा, कडक उन्हात वाळवा आणि पिंजऱ्याला अडकवा. नाही मिळाला तर अंड्याची टरफलं उकळून, तव्यावर भाजून त्यांची पूड ठेवा. मादीला कॅल्शियम कमी पडलं तर अंडं पोटातच अडकतं, आणि त्यात तिचा जीव जातो.

हे मात्र कधीच नाही

फरसाण, वेफर्स, चहा, चॉकलेट, कांदा, लसूण आणि अॅव्होकॅडो हे फिंचच्या वाटीत कधीही नको. चॉकलेट आणि अॅव्होकॅडो तर पक्ष्यांना विषासारखे. आपल्या ताटातलं प्रेमानं भरवायचं नाही!

नवा पदार्थ फिंच पहिल्या दिवशी बहुधा खात नाही, संशयानं बघत बसतं. म्हणून नेहमीचे दाणे काढून घेऊ नका. शेजारी थोडं नवं ठेवा, आठ-दहा दिवस धीर धरा. पाखरू पिसं फुगवून, डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसलं, तर घरचं औषध न देता लगेच पशुवैद्यांकडे न्या. पक्षी आजार लपवतात. आपल्याला दिसतो तोवर तो वाढलेला असतो.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या रानातल्या मुनिया पकडणं, विकणं, पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. कुणी ‘लाल मुनिया देतो’ म्हणालं, तर घेऊ नका, मोठ्यांना सांगा. मुनिया बघायच्या तर पावसाळ्यानंतर गवताच्या माळावर चला! उलट, पिंजऱ्यात वाढलेलं झेब्रा फिंच दया येऊन सोडूनही देऊ नका. त्याला इथे स्वतःचं पोट भरता येणार नाही.

करून पाहा

घरात फिंच असो वा नसो, हा प्रयोग करा. दुकानातल्या राळ्याचे २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फडकं सुकू देऊ नका. चार दिवसांनी मोजा. बहुतेकांना मोड आले तर धान्य ताजं. चार-पाचच उगवले तर ते जुनं, कस गेलेलं. दोन-तीन दुकानांतलं धान्य असं तपासा, वहीत आकडे लिहा, आणि ज्यांच्या घरी पाखरं आहेत त्या मित्रांना सांगा. सांगताना फुंकर मारायची आठवणही करून द्या!