दोनशे टँकरमध्ये एक ग्रॅम

दहा हजार लिटरचे दुधाचे 200 टँकर एका रांगेत उभे करा. त्या सगळ्या दुधात मिळून जेमतेम एक ग्रॅम ॲफ्लाटॉक्सिन एम1 असले, तरी भारतातली कायदेशीर मर्यादा गाठली जाते. ही मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. युरोपात तर याचाही दहावा हिस्साच चालतो.

हे विष दुधात कोणी मिसळत नाही. ते गायीच्या अंगात तयार होते. पेंडीवर किंवा मक्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी वाढली, की ती ॲफ्लाटॉक्सिन बी1 सोडते. गायीच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना ते फारसे मोडता येत नाही. रक्तावाटे ते यकृतात पोचते. यकृत त्याला ऑक्सिजनचा एक अणू जोडून त्याचे एम1 बनवते, म्हणजे पाण्यात विरघळायला सोपे करते, आणि बाहेर काढू लागते. काही मूत्रावाटे जाते, काही दुधावाटे. म्हणजे गायीचे शरीर आपले काम चोख करते आणि नेमका त्याचाच भुर्दंड आपल्या पेल्यात उतरतो! सकाळी बुरशी लागलेली पेंड खाल्ली, तर दुसऱ्या दिवसाच्या धारेत एम1 सापडू लागते.

पेंडीतले विष दुधात उतरते, हे कोडे सुटले ते इंग्लंडमध्ये. 1960 साली तिथे टर्कीची लाखावर पिल्ले पटापट मेली. माग काढत गेल्यावर दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडला. 1963 मध्ये ऑलक्रॉफ्ट आणि कार्नॅगन या संशोधकांनी तशी पेंड खाल्लेल्या गायींच्या दुधाचा अर्क बदकांच्या पिल्लांना दिला, तर ॲफ्लाटॉक्सिनने होते तशीच इजा त्यांच्या यकृतावर दिसली.

आता सातारा-सांगलीकडे पाहू. भिलवडीला 1939 पासून दुधाचा धंदा उभा आहे, आणि फलटण, कराड, इस्लामपूर या पट्ट्यात संकरित गायींचे गोठे गावोगाव आहेत. या गायी भरपूर दूध देतात, म्हणून त्यांना वाढे आणि कडबा पुरत नाही. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका भरडा घालावाच लागतो. बुरशीला हवे ते नेमके हेच खाद्य. हवामानही दोन्हीकडून तिच्या बाजूचे. माण, खटाव, जत, आटपाडीत कणीस भरताना पाऊस दडी मारतो, आणि उन्हाने होरपळलेल्या मक्यात ही बुरशी शेतातच शिरते. कृष्णाकाठी उलटे. 2019 च्या ऑगस्टसारखा पूर आला, की साठवलेले धान्य आणि वैरण भिजते.

हिशेब करून पाहा. जनावरांच्या मिश्रखाद्यात बी1 किलोला 20 मायक्रोग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक सांगते. समजा, पेंडीत ते 100 निघाले आणि गायीने पाच किलो खाल्ली. पोटात गेले 500. त्यातले दोन टक्के दुधात उतरले, तर दहा लिटरमध्ये 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. जास्त दुधाच्या गायीत हे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंतही जाते.

उकळून हे विष जात नाही, पाश्चरीकरणानेही नाही. ते केसीन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे पनीरमध्ये उलट दाट होते. चव तीच, वास तोच, फॅट आणि एसएनएफही (फॅट सोडून उरणारे घन घटक) तेच. दुधाचा दर फॅट-एसएनएफवर ठरत असल्याने काही बिघडले आहे हे शेतकऱ्याला कळायला वावच नाही, आणि मला ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव वाटते. देशभरातल्या 2018 च्या सरकारी दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरले 12. एम1 मर्यादेबाहेर निघाले ते 368. आपली सगळी ओरड मात्र भेसळीवर.

दिलासा असा, की दूषित खाद्य थांबवले की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होते. म्हणून लढाई गव्हाणीत लढायची. मक्याचा ओलावा 13 टक्क्यांच्या आत, शेंगांचा आठच्या आसपास आणूनच पोती भरावीत. पोती भिंतीला न टेकवता फळ्यांवर रचावीत. या बुरशीला हवा लागते, म्हणून मुरघास कुट्टी दाबून हवाबंद करावा आणि कागद फाटला तर लगेच चिकटवावा. बेंटोनाइट नावाची माती खाद्यात मिसळतात, तिची करामत तर थक्क करणारी: वहीच्या पानांसारख्या तिच्या सूक्ष्म थरांत विषाचे चपटे रेणू अडकतात आणि शेणावाटे निघून जातात. पण तो टेकू आहे, कुजक्या पेंडीचा परवाना नव्हे.

विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. एका कोपऱ्यात ठासून, बाकी कोरे. मूठभर नमुन्याने फसगत होते, तेव्हा पोत्याच्या अनेक जागांतून नमुना घ्यावा. संकलन केंद्रावर दुधाची पट्टी-चाचणी काही मिनिटांत होते. दूध संघांनी ती नेमाने करावी आणि दोष निघाल्यास दूध परत पाठवण्याआधी त्या गोठ्यातली पेंड तपासून द्यावी. आणि घरोघरी एवढे पाळा: बुरसलेली भाकरी, खवट शेंगदाणे, काळपट कणसे ‘जनावराला चालतील’ म्हणून गव्हाणीत टाकू नका.