शस्त्रक्रियेनंतरही अडणारी धार

माधवनगरच्या माणसाला मोठ्या आजारासाठी मिरज जवळची. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उघडले आणि पुढे मिरज वैद्यकीय नगरी होत गेली. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करून परतलेल्यांपैकी काहींची तक्रार मात्र ऐकू येते : गाठ काढली, तरी लघवी अडतेच!

ती केव्हा अडते, हे आधी पाहावे. नळी काढल्यावर लगेच अडली, तर कारण बहुधा सूज, रक्ताची गुठळी किंवा थकलेले मूत्राशय. वर्षानुवर्षे अडथळ्याविरुद्ध जोर लावून त्याचा स्नायू जाड होतो, पुढे ताणून ढिला पडतो. अडथळा एका दिवसात निघतो. स्नायू सावरायला आठवडे लागतात, क्वचित तो सावरतही नाही. म्हणून पुन्हा काही दिवस नळी घातली, म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे नव्हे. बद्धकोष्ठता आणि सर्दीच्या काही गोळ्याही लघवी अडवतात.

मोकळी झालेली धार काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा बारीक होऊ लागली, तर मूत्रमार्गात किंवा मूत्राशयाच्या तोंडाशी व्रण आकसलेला असू शकतो. धार बारीक करणाऱ्या 'निरुद्धप्रकश' विकारात सुश्रुतसंहिता तूप माखलेली नळी घालायला आणि दर तीन दिवसांनी ती अधिक जाड घ्यायला सांगते. मार्ग हळूहळू रुंदावण्याचे हे तत्त्व आजही वापरात आहे. आता दुर्बिणीतून व्रण कापताही येतो.

तेव्हा बारीक धार वयाच्या माथी मारून सोसू नये. लघवी पूर्ण थांबून ओटीपोट फुगले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.