नंबर वन! पण नेमका कशात?

आपल्याला नंबर लावायला भारी आवडतं. वडापाव कुठला बेस्ट, मिसळ कुणाची झणझणीत, पॅकेज कुठल्या कंपनीचं जास्त... मग विद्यापीठं तरी कशी सुटतील? 'रिसर्चमध्ये देशात पहिलं विद्यापीठ कोणतं?' याचीही दरवर्षी यादी निघते. आणि नोकरीतून ब्रेक घेऊन पीएचडी करायचं ज्यांच्या डोक्यात घोळतंय, ते ती मेन्यूकार्डासारखी वाचतात.

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं सध्या हेच चाललंय. केमिस्ट्रीत एमएस्सी, चार वर्षं नोकरी आणि आता 'टॉप टेन सांग, तिथेच अर्ज टाकते' असा धोशा. तिच्यासाठी म्हणून मी या रँकिंगच्या पोटात शिरले.

आपल्या सरकारी 'एनआयआरएफ'ची पहिली यादी आली 2016 साली. विद्यापीठाला मिळणाऱ्या 100 गुणांपैकी 30 संशोधनाचे. पेपर किती छापले, इतर संशोधकांनी त्यांचा दाखला किती वेळा दिला (यालाच सायटेशन म्हणतात), पेटंट किती, प्रोजेक्टमधून पैसा किती आला, असा हिशेब. 2021 पासून संशोधनाची वेगळी यादीही सुरू झाली आणि 2025 पर्यंत तिच्यात दरवर्षी पहिली आली बंगळुरूची आयआयएस्सी. त्याबद्दल कुणाचं दुमत नसावं. गडबड सुरू होते ती त्याच्या खाली.

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचंच बघा. 2013 साली लंडनच्या 'टाइम्स हायर एज्युकेशन'च्या जागतिक यादीत ते भारतात पहिलं आलं. चक्क आयआयटींच्या पुढे! कारण तिथले फिजिक्सवाले जिनिव्हाजवळच्या सर्नच्या महाप्रयोगात सामील होते. 2012 साली हिग्ज बोसॉन सापडला, ते पेपर जगभर गाजले आणि प्रत्येक लेखकाच्या विद्यापीठाला सायटेशनचं पूर्ण माप मिळालं. अशा पेपरवर लेखक किती असावेत? 2015 मधल्या एका पेपरवर होते 5,154! त्याच्या 33 पानांपैकी 24 पानं नुसती नावं आणि पत्ते. त्याच वर्षी 'टाइम्स'ने हजारावर लेखक असलेले पेपर हिशेबातून वगळले आणि पंजाब विद्यापीठ धाडकन खाली आलं. प्राध्यापक तेच, लॅब त्याच. बदललं फक्त गणित.

दुसरी गंमत पत्त्याची. पुणे विद्यापीठाच्या आवारात 1988 साली आयुका सुरू झाली. खगोलशास्त्रात जगात नाव असलेली ही संस्था, पण स्वतंत्र. त्यामुळे तिच्या पेपरांवर पत्ता तिचाच असतो. पाषाणची एनसीएलही तशीच. कित्येकांनी तिथल्या लॅबमध्ये काम करून पदवी मात्र पुणे विद्यापीठाची घेतली. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे बरंचसं मोठं संशोधन अशा वेगळ्या प्रयोगशाळांत गेलं. म्हणून विद्यापीठाचा आकडा वाचताना शेजारी कोण आहे, हेही बघायला हवं.

शिवाय जे मोजलं जातं, ते फुगवलंही जातं. पेपरांच्या संख्येला गुण म्हटल्यावर काही ठिकाणी पेपरांचा कारखानाच सुरू होतो. म्हणूनच 2025 च्या यादीत एनआयआरएफने पहिल्यांदा, मागे घ्याव्या लागलेल्या पेपरांसाठी गुण कापायला सुरुवात केली. देर आये, दुरुस्त आये!

आता तुमच्या-माझ्या खिशाचा मुद्दा. जेआरएफ फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 रुपये. पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, बऱ्याचदा पाच-सहा. म्हणजे इन्क्रिमेंट, बोनस, गृहकर्ज सगळं बाजूला ठेवून ऐन उमेदीची वर्षं तुम्ही देणार. रोजचा संबंध येणार तो एका गाइडशी आणि एका लॅबशी. त्या दोघांचा नंबर कुठल्याच यादीत छापून येत नाही. तो आपला आपण काढायचा. माझ्या मैत्रिणीने टॉप टेनचा कागद बाजूला ठेवून सहा गाइडची नावं काढलीत. त्यातल्या दोघांची विद्यापीठं पहिल्या पन्नासातही नाहीत, पण काम तिला हवं तेच आहे.

अर्ज भरण्याआधी हे विचाराच!

• तुमच्या विषयाचं डिपार्टमेंट कसं आहे? विद्यापीठाचा आकडा फिजिक्सने वर नेला असेल आणि तुम्हाला करायचीय केमिस्ट्री!

• गाइडच्या गेल्या पाच वर्षांतल्या पेपरांवर पहिलं नाव कुणाचं? लॅबच्या विषयांत ते विद्यार्थ्यांचं दिसलं, तर चांगली खूण.

• आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? आज ते कुठे आहेत?

• फेलोशिप वेळेवर जमा होते का? हे ऑफिसात विचारू नका. कँटीनमध्ये जा, तिथल्या पीएचडीवाल्यांना चहा पाजा. खरं उत्तर दोन कटिंगमध्ये मिळेल.